टाळूवरचा हात

मुंबईहून जुन्या रस्त्यानें पुण्यास जाणारास बोरघाट चढण्यापूर्वीं खोपोलीलगत शिळफाटा लागतो. ठाण्याकडे ह्याच नांवाचा एक मोठा फाटा आहे, तो निराळा. हा खालापूर तालुक्यांतला. ह्या टापूचा इतिहास बव्हंशीं रस्त्यांचा इतिहास आहे. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. १८५६ त आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ त ती घाट चढून गेली. १९१५ त खोपोलीस टाटांचें वीजघर सुरू झालें. प्रत्येक नव्या वाटेनें माल आला, माणसें आलीं आणि त्यांच्याबरोबर कल्पनाही आल्या. आज ह्या कर्जत-खालापूर पट्ट्यांत शहरवासीयांचीं शेतघरें आणि विश्रामस्थानें उभीं आहेत. ज्या सुशिक्षित घरांतून हीं माणसें येथें येतात, त्या घरांत तान्ह्या मुलांसाठीं अलीकडे एका परदेशी उपचाराचें नांव घेतलें जातें. तो म्हणजे ‘क्रॅनिओसेक्रल’ उपचार. क्रॅनिअम म्हणजे कवटी आणि सेक्रम म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशीं असलेलें त्रिकास्थि. ह्या दोन ठिकाणीं अगदीं हलकी बोटें ठेवून बाळाचें रडणें, पोटदुखी, झोपमोड दूर करतां येते, असें तो उपचार करणारे सांगतात. आणि ह्याच फाट्यावरून आंतल्या एखाद्या गांवाकडे वळलें, तर तेथें आजी नातवाच्या टाळूवर खोबरेल जिरवीत बसलेली आढळेल.

दोन्ही ठिकाणीं हात एकाच जागीं आहे. म्हणूनच ह्या हाताचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे. कारण ह्या हाताला काय साधतें आणि काय साधत नाहीं, ह्यावर कधीं कधीं बाळाचा जीव अवलंबून असतो.

आरंभीं टाळूविषयीं दोन शब्द. प्रौढ माणसाच्या कवटीचीं हाडें एकमेकांत दातेरी शिवणींनीं घट्ट गुंतलेलीं असतात. अर्भकाचीं तशीं नसतात. त्यांच्या शिवणी मऊ असतात, आणि जेथें अनेक शिवणी एकत्र येतात तेथें हाडाऐवजीं नुसता चिवट पडदा असतो. हीच टाळू. मागची टाळू लहान. ती सामान्यतः दोन महिन्यांत भरून येते. पुढची टाळू मोठी, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची; ती बहुधा वर्षा-दीड वर्षांत, क्वचित् दोन वर्षांपर्यंत भरते. निसर्गाच्या ह्या योजनेचीं कारणें दोन. जन्माच्या वेळीं हीं हाडें किंचित् एकमेकांवर सरकतात, म्हणून डोक्यास वाट मिळते. आणि पुढें मेंदू झपाट्यानें वाढतो, त्यास जागा मिळते. टाळूखालीं हृदयाच्या ठोक्याबरोबर एक स्पंदन दिसतें. आपल्या बायका ह्यास ‘टाळू उडते’ असें म्हणतात. हें निरीक्षण बरोबर आहे आणि त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं.

आपल्या प्राचीन वैद्यकानें ह्या जागेची दखल फार पूर्वीं घेतली. चरकसंहितेच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत नवजात बालकाच्या टाळूवर तेलानें भिजविलेला कापसाचा बोळा ठेवावयास सांगितला आहे. सुश्रुतानें त्यासाठीं तूप सांगितलें. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानाचा पहिलाच अध्याय बालोपचारास दिला आणि बाळास बला नांवाच्या वनस्पतीचें तेल चोळावयास सांगितलें. बालरोगांस वाहिलेली काश्यपसंहिता तर दीर्घकाळ लुप्तच मानली जात होती. नेपाळांत तिची खंडित पोथी मिळाली, आणि राजगुरु हेमराज शर्मा ह्यांच्या विस्तृत उपोद्घातासह ती १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें प्रसिद्ध केली. म्हणजे बालवैद्यकाचा हा जुना ठेवा जगापुढें आला तो मुंबईंतून.

ग्रंथांतला हा तेलाचा बोळा मराठी घरांत ‘टाळू भरणें’ ह्या नांवानें नांदत राहिला. न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते, बाळास पायांवर उताणें-पालथें घेते, टाळूवर तेल जिरविते, हातापायांच्या घड्या घालते. मग डाळीचें पीठ आणि साय लावून ऊन पाण्यानें न्हाणें होतें. त्यानंतर ओवा-बाळंतशेपांची धुरी, टाळूवर वेखंडाची पूड आणि वर कुंची. न्हाऊन निघालेलें बाळ दोन-तीन तास गाढ झोपतें, हें पाहिलें नाहीं असें घर आपल्याकडे विरळा. ह्याच विधीबरोबर आणखीही एक समजूत चालत आली. बाईच्या हातानें बाळाचें डोकें गोल होतें, चिमटीनें नाक सरळ होतें, मोहरीच्या उशीनें कवटीस घाट येतो. हात बाळास सुखवितो ह्या अनुभवांतून हात बाळास घडवितो ही समजूत निघाली. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीचा विचार निराळा करावयास हवा.

तो विचार किती महत्त्वाचा आहे, हें एका जुन्याच रोगाच्या वर्णनावरून दिसून येईल. वाग्भटानें ‘तालुकंटक’ नांवाचा बालरोग सांगितला आहे. त्यांत डोक्यावरची टाळूची जागा खोल जाते, बाळ दूध पीत नाहीं, त्यास पातळ जुलाब होतात, तहान लागते, वांती होते आणि मान धरवत नाहीं. आजच्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञानें हें वर्णन ऐकलें, तर तो तत्काळ म्हणेल कीं बाळाच्या शरीरांतलें पाणी आटलें आहे. शेंकडों वर्षांपूर्वींच्या वैद्याचें निरीक्षण इतकें अचूक होतें! चूक झाली ती कारण ठरवितांना. रोगाचें मूळ तोंडांतल्या टाळूच्या मांसांत आहे असें मानलें गेलें, आणि तोंडांतली ती टाळू वर उचलून तिच्यावर मध व क्षार चोळण्याचा उपाय सांगितला गेला. लोकव्यवहारांतही ‘टाळू पडली’ म्हणून ती बोटानें उचलण्याचा प्रकार ह्याच समजुतीचा आहे.

ही चूक केवळ आपली नव्हे. समुद्रापलीकडे मेक्सिकोंत ह्याच अवस्थेस ‘काईदा दे मोयेरा’, म्हणजे टाळूचें पडणें, असें नांव आहे, आणि तेथील जाणत्या बायकाही बाळाच्या तोंडांत बोट घालून टाळू वर ढकलतात. दोन खंडांतल्या, एकमेकांस न पाहिलेल्या माणसांनीं एकच खूण पाहिली आणि तिचा एकच चुकीचा अर्थ लावला. टाळू खोल गेल्यामुळें बाळ आजारी होत नाहीं. बाळाच्या अंगांतलें पाणी गेल्यामुळें टाळू खोल जाते. उपाय बोटांत नसून पाण्यांत आहे. १९७१ सालीं बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकी पसरली आणि शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें, तेव्हां डॉक्टर दिलीप महालनबीस ह्यांनीं साखर-मिठाचें मिश्रण तोंडानें पाजावयास सुरुवात केली. तेथील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० च्या घरांतून ४ च्याही खालीं आलें. टाळूस हातही न लावतां ती वर आणणारा उपाय तो हा.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलींत नवें वैद्यक शिरलें तें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तें बव्हंशीं स्त्रियांच्या हातून. शिळफाट्याकडून मुंबईस जाणाऱ्या लोहमार्गावरच कल्याण आहे. तेथें १८६५ सालीं आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षीं त्यांस मुलगा झाला आणि तो अवघा दहा दिवस जगला. ह्या दुःखांतून वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय दृढ झाला. १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयांतून त्या पदवीधर झाल्या, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र. परदेशी विद्या घेतांना त्यांनीं घरच्या विद्येकडे पाठ फिरविली नाहीं. पुढच्याच वर्षीं, १८८७ त, त्या पुण्यास वारल्या. ज्या वर्षीं त्यांस पदवी मिळाली त्याच वर्षीं मुंबईंत स्त्रिया आणि मुलें ह्यांच्यासाठीं कामा रुग्णालय उघडलें. १८८५ सालीं डफरिन फंड आणि १९०३ सालीं सुइणींच्या शिक्षणासाठीं व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती फंड निघाला. सुईण नको असें न म्हणतां तिला शिकवावी, ही दृष्टि तेव्हांपासूनची आहे.

इकडे हें चाललें असतां अमेरिकेंत एक निराळाच विचार जन्मास येत होता. मिसूरी संस्थानांतल्या कर्क्सव्हिल गांवीं अँड्र्यू टेलर स्टिल ह्यांनीं १८९२ सालीं ऑस्टिओपॅथीची शाळा काढली. हाडें व स्नायू हातानें नीट बसविले म्हणजे शरीर आपोआप निरोगी होतें, हा त्या पंथाचा मूळ सिद्धांत. त्या शाळेंत विल्यम गार्नर सदरलंड नांवाचा विद्यार्थी होता. सुटी केलेली एक कवटी पाहतांना कानशिलाच्या हाडाच्या तिरप्या कडा त्याच्या नजरेंत भरल्या. त्यास वाटलें, ह्या तर माशाच्या कल्ल्यांसारख्या आहेत. कल्ले श्वासासाठीं असतात, तेव्हां कवटीचीं हाडेंही श्वासासारखीं हालत असलीं पाहिजेत. १९०० सालीं तो पदवीधर झाला, आणि पुढें अनेक वर्षें त्यानें स्वतःच्या डोक्यावर निरनिराळीं साधनें बांधून प्रयोग केले. १९३९ सालीं त्यानें आपलें म्हणणें एका लहानशा पुस्तकांत छापलें. मेंदूभोंवतालचा द्रव एका ठराविक लयींत हेलकावतो, कवटीचीं हाडें त्या लयीबरोबर हालतात, आणि ती लय बोटांस कळते, असें तें म्हणणें.

सदरलंडच्या परंपरेंत व्हायोला फ्रायमन ह्या विदुषीनें आपलें आयुष्य मुलांच्या उपचारास वाहिलें. १९६६ सालीं त्यांनीं १,२५० नवजात बालकांच्या तपासणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जन्माच्या वेळीं कवटीवर पडणारा ताण आणि बाळाचीं दुखणीं ह्यांचा संबंध त्या जोडीत होत्या. पुढें जॉन अपलेजर ह्यांनीं ह्याच विचारास ‘क्रॅनिओसेक्रल’ हें नांव देऊन १९८३ सालीं ग्रंथ लिहिला आणि १९८५ सालीं फ्लोरिडांत संस्था स्थापिली. वैद्यकाची पदवी नसलेल्यांसही ही विद्या शिकवावयास त्यांनीं आरंभ केला, म्हणून तिचा प्रसार झपाट्यानें झाला. बोटांचा दाब पांच ग्रॅमांचा, म्हणजे अमेरिकेंतील पांच सेंटांच्या नाण्याच्या वजनाइतकाच असावा, असा तिचा दंडक आहे.

आतां ह्या म्हणण्याची पारख कशी झाली तें पाहूं. मेंदूभोंवतीं द्रव आहे, तो फिरतो, आणि त्यांत हृदयाच्या ठोक्यांची व श्वासाची लाट उमटते, हें निर्विवाद आहे. प्रश्न असा, कीं जी निराळी लय बोटांस कळते म्हणतात, ती खरोखर आहे काय? तसें असेल, तर एकाच माणसाच्या डोक्यावर दोन जाणत्यांनीं हात ठेविले असतां दोघांचें मोजमाप जुळावयास पाहिजे. नाडी दोन वैद्यांनीं मोजली तर आंकडा सारखाच येतो. १९९४ सालीं अमेरिकेंत तीन उपचारकांनीं बारा माणसांची ही लय स्वतंत्रपणें मोजली. त्यांचे आंकडे एकमेकांशीं जुळले नाहींत. १९९९ सालीं कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत उपलब्ध संशोधनाची छाननी झाली. हा उपचार गुणकारी असल्याचा पुरेसा पुरावा तेथें मिळाला नाहीं.

मग आईबापांस गुण दिसतो तो कसा? ह्याचें उत्तर बाळाच्या रडण्यांतच आहे. पोट दुखल्यासारखें अखंड रडणें साधारण सहाव्या आठवड्यास कळसास पोंचतें आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतें. आईबाप हैराण होऊन उपचार शोधतात ते अर्थात् कळसाच्या वेळीं. त्यानंतर जो उपाय होईल, त्यास यश ठेवलेलेंच! २०१२ सालीं कॉक्रेन ह्या संस्थेनें बाळांच्या ह्या रडण्यावरील हस्तोपचारांचे सहा प्रयोग एकत्र तपासले. त्यांत ३२५ बालकें होतीं. वरवर पाहतां रडणें कमी झालेलें दिसलें. पण आपल्या बाळास उपचार मिळाला कीं नाहीं हें आईबापांस ठाऊक नव्हतें, अशाच प्रयोगांकडे पाहिलें असतां तो फरक भरंवशाचा राहिला नाहीं.

पांच ग्रॅमांच्या दाबानें अपाय तो काय होणार, असें कोणी म्हणेल. हलक्या बोटांनीं अपाय सहसा होत नाहीं, हें खरें. परंतु नांव एक आणि करणी दुसरी असेंही घडतें. नेदरलंडांतल्या वैद्यकीय नियतकालिकांत २००९ सालीं एका तीन महिन्यांच्या बालकाच्या मृत्यूचा वृत्तांत आला. ह्याच उपचाराच्या नांवाखालीं त्याची मान आणि पाठ दीर्घकाळ वांकविली गेली होती. दुसरा धोका अधिक सर्वत्र आढळणारा आहे, आणि तो वेळ दवडण्याचा. उताणें निजल्यानें बाळाच्या डोक्याची एक बाजू चपटी होते. बाळ जागें असतां त्यास कुशी पालटून व पालथें ठेवून हा चपटेपणा बहुधा सुधारतो. पण क्वचित् एखाद्या बाळाच्या कवटीची शिवण वेळेपूर्वींच सांधली जाते. त्यावर शल्यचिकित्सा हाच उपाय आहे आणि ती पहिल्या वर्षांतच झालेली बरी. त्या महिन्यांत डोकें बोटांनीं घडविण्याच्या आशेवर राहणें महागांत पडतें. तो हात न्हाणीतला असो वा शहरांतल्या वातानुकूलित खोलींतला.

ह्यावरून स्पर्शाचें कांहींच मोल नाहीं असा अर्थ मात्र घेऊं नये. इतिहासाचा कौल उलट आहे. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लबोये ह्यांनीं कलकत्त्यास शांताला नांवाच्या एका आईस बाळास तेल चोळतांना पाहिलें, आणि १९७६ सालीं तिच्या नांवानें पुस्तक लिहून ती रीत युरोपास दाखविली. १९८६ सालीं अमेरिकेंत टिफनी फील्ड ह्यांनीं अपुऱ्या दिवसांच्या बाळांस रोज तीन वेळां, दर खेपेस पंधरा मिनिटें, असें दहा दिवस चोळून पाहिलें. त्या बाळांचें वजन इतर बाळांपेक्षां शेंकडा ४७ नीं अधिक वाढलें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांत १२० नवजात बालकांचा अभ्यास झाला. त्यांतल्या कांहींस करडईचें, कांहींस खोबरेल तेल चोळलें आणि कांहींस तेलाविना ठेविलें. अंगावर चोळलेल्या तेलाचा अंश त्वचेंतून बाळाच्या रक्तांत पोंचतो, असें त्यांत आढळलें. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत खोबरेल चोळलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचें वजन अधिक वेगानें वाढलें. हे दोन्ही अभ्यास २००५ सालीं प्रसिद्ध झाले. म्हणजे आजीच्या वाटींतल्या खोबरेलास प्रयोगशाळेनेंही मान दिला. नाकाकानांत तेल सोडणें आणि कोंदट खोलींत धुरी देणें मात्र वर्ज्यच, कारण तें तेल आणि तो धूर फुप्फुसांत जातो.

स्पर्श सुखवितो आणि पोसतोही; पण टाळूवर ठेविलेल्या हाताचें सर्वांत मोठें काम आणखी निराळें आहे, आणि तें महाराष्ट्रांतच सिद्ध झालें. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं गांवांतल्याच स्त्रियांस नवजात बाळाची घरच्या घरीं काळजी घ्यावयास शिकविलें. बाळाचें वजन करणें, श्वास मोजणें, ऊब राखणें, दूध ओढतें कीं नाहीं पाहणें, जंतुसंसर्गाच्या खुणा ओळखणें आणि वेळीं औषध देणें, हें त्यांचें शिक्षण. ३९ गांवांत हें काम झालें, आणि तुलनेसाठीं दुसरीं ४७ गांवें घेतलीं. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकांत त्याचा वृत्तांत आला. तुलनेच्या गांवांच्या मानानें नवजात बालकांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं घटले होते. पुढें २०११ सालीं ह्याच धर्तीवर देशभर आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटी सुरू झाल्या. रुग्णालयांत बाळंतपण झालें असेल तर बेचाळीस दिवसांत अशा सहा भेटी आणि घरीं झालें असेल तर सात. ह्या स्त्रियांच्या हातांत गूढ शक्ति कसलीच नव्हती. बाळ काय सांगतें, तें वाचावयास मात्र त्या शिकल्या होत्या.

श्रोतेहो, टाळूविषयींचा धडा हाच. ती उघडी असेतों शरीराच्या आंतली वार्ता बाहेर सांगते. बाळ शांत आणि बसतें धरलेलें असतांना टाळू किंचित् सपाट-मऊ असावी. ती खोल गेली असेल, तोंड कोरडें असेल, लघवी कमी झाली असेल, तर बाळास दूध आणि साखर-मिठाचें पाणी पाजीत डॉक्टरांकडे न्यावें. ती फुगली असेल आणि सोबत ताप, वांती, ग्लानि असेल, तर मेंदूच्या आवरणाच्या दाहाची शंका घेऊन एक घटकाही दवडूं नये. डोकें दिवसेंदिवस वेडेंवांकडें वाढत असेल, तर बालरोगतज्ज्ञास दाखवावें. ह्यांतली एकही खूण बोटानें दाबून, उचलून किंवा लय शोधून बरी होत नाहीं.

मग तेलाची वाटी अडगळींत टाकावी काय? मुळींच नाहीं. शिळफाट्याच्या आंतल्या गांवांतल्या आजीनें नातवास पायांवर घ्यावें, शहरांतल्या तरुण आईनेंही घ्यावें. बापानें घेतलें तर दुधांत साखर. खोबरेल कोमट करावें, हात हलका ठेवावा, आणि टाळूवर बोटें फिरवितांना ती आज कशी आहे एवढें रोज पाहून ठेवावें.